कॅच कॅन लावला तरी इंटरकूलरमध्ये तेल येतंच? आधी क्रँककेसचा दाब मोजा

गाडी दीड लिटरची टर्बो डिझेल, बीएस-४, मॅन्युअल गिअर, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. आमचं खेडं कारंजा लाडजवळ. गाडीचं रोजचं काम घर ते वावर, साडेतीन किलोमीटर. महिन्यातून दोन-तीनदा समृद्धीवरून नागपूर.

त्रास असा. टर्बोने दाबून भरलेली हवा ज्या जाळीत थंड होते त्या इंटरकूलरच्या खालच्या होजच्या जोडाला तेल सुटायचं, त्यावर धूळ बसून काळा लगदा व्हायचा. पुसून काढला की पंधरा दिवसांत परत तेच. डिपस्टिकवर तेलाची पातळीही हळूहळू उतरत होती. दीड वर्षात हा त्रास तीनदा ‘बरा’ झाला आणि तीनदा परत आला. दोन वेळा चूक माझी होती, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मी क्लिप बदलली. नवी क्लिप, घट्ट आवळली, गळणं थांबलं. पण तेल त्या जोडातून फक्त बाहेर दिसत होतं, येत वेगळ्याच ठिकाणाहून होतं. बाहेरची वाट बंद झाल्यावर ते आत साचायला लागलं. महिन्याभराने होज काढला तर इंटरकूलरमधून अर्धा कप चहाइतकं तेल निघालं.

हे तेल तिथे पोचतं कसं, ते आधी समजून घ्या. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस त्यांच्या बाजूने खाली सरकतोच. आपले मिस्त्री त्याला बॅक कम्प्रेशन म्हणतात. टर्बो असला की सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून हा गॅसही जास्त. तो खाली तेलाच्या वाफा आणि बारीक थेंब सोबत घेतो. त्याला बाहेर पडायला वाट (ब्रीदर) हवी, नाहीतर इंजिनाचं पोट, म्हणजे क्रँककेस, फुगतं. जुन्या ट्रॅक्टरला ब्रीदरची नळी सरळ खाली सोडलेली असते, चालू ट्रॅक्टरखाली तो धूर दिसतो. कारमध्ये तसं चालत नाही. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासूनच हा गॅस परत इंजिनाला प्यायला लावायची पद्धत सुरू झाली. माझ्या गाडीत टॅपेट कव्हरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणात, तेल वेगळं करणारा सेपरेटर आहे. तिथून होज निघतो आणि एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपला लागतो. टर्बो हवेसोबत तो गॅसही ओढतो, इंटरकूलरमधून पुढे ढकलतो आणि तो जळतो. सेपरेटरने न पकडलेलं तेल मात्र इंटरकूलरच्या थंड नळ्यांत बसतं. पुढे मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांना वाटणारा पाइप) त्याला ईजीआरची, म्हणजे परत इंजिनात सोडलेल्या धुराची, काजळी भेटली की डांबरासारखा थर तयार होतो.

म्हणजे पाइपात बोट घातल्यावर ओलसर लागलं तर घाबरू नका, टर्बो डिझेलमध्ये तेवढं असतंच. पाइप वाकवल्यावर थेंब गळायला लागले की शोध घ्यायचा.

आणि आपल्याकडच्या वापरात गाडीला दोन्ही टोकांचा मार बसतो. वावराच्या फेरीत इंजिन धड तापतच नाही; तेलात उतरलेलं पाणी आणि कच्चं डिझेल उडून जात नाही, ऑइल कॅपच्या आतून पिवळसर मलई जमते, तीच सेपरेटरच्या बारीक वाटांत अडकते. नंतर तीच गाडी समृद्धीवर घालायची आणि १२० वर दीड तास सोडायची. समृद्धीचा नागपूरकडचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधी आमच्या भागात कोणती गाडी सलग पंधरा मिनिटं तरी १२० वर राहत होती? गावं, गतिरोधक, बंड्या, म्हशी. आता टर्बो सलग दाब देतो, बॅक कम्प्रेशन सलग वाढलेलं राहतं आणि अर्धवट तुंबलेल्या सेपरेटरला श्वास घ्यायला फुरसत नाही.

दुसरा उपाय कॅच कॅन. कल्पना बरोबर आहे: ब्रीदरच्या वाटेत एक डबा बसवायचा, गॅस त्यात थंड होतो, वळणं घेतो, तेल खाली बसतं, गॅस पुढे जातो. ऑनलाइन एक चमकदार डबा मागवला. त्याच्या निपल (होज चढवायची तोंडं) १२ एमएमच्या होत्या, गाडीचा मूळ होज आतून १९ एमएम. मी म्हटलं, सात एमएमने काय बिघडतं. घरी ठिबकच्या १६ च्या लॅटरलचं अर्धं बंडल पडलं होतं, त्याचे दोन तुकडे गरम पाण्यात बुडवून निपलवर चढवले. शेतकऱ्याच्या घरी ठिबकची नळी म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध.

पंधरा दिवस मी खुश. डब्यात तेल जमत होतं, इंटरकूलरचा जोड कोरडा. मग नागपूरहून परतताना करपलेल्या तेलाचा वास आला. इंटरचेंजला उतरून बोनेट उघडलं. डिपस्टिक दोन बोटं वर आली होती, बोनेटच्या आतल्या अंगाला तेलाचे शिंतोडे, आणि ठिबकची नळी टर्बोच्या बाजूने पार चपटी. उन्हाळ्याचे दिवस, त्यात इंजिनाची धग. प्लास्टिक मऊ पडलं आणि टर्बोच्या ओढीने नळी आत बसली. ब्रीदर बंद झाल्यावर गॅसने जी वाट सापडली ती धरली, म्हणजे डिपस्टिकची. तेवढ्यावर निभावलं हे नशीब, नाहीतर क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं असतं आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला असता.

सात एमएमचा हिशेब नंतर वहीत केला. वाट व्यासावर नाही, क्षेत्रफळावर मोजायची असते. १२ चा वर्ग १४४, १९ चा वर्ग ३६१. म्हणजे नळी चपटी होण्याआधीच मी श्वासाची वाट चाळीस टक्क्यांवर आणली होती. डबा घ्यायचा तर आधी गाडीच्या होजचा आतला व्यास मोजा आणि तेवढ्याच किंवा मोठ्या निपलचा घ्या. चमक नंतर बघा.

तिसऱ्यांदा प्रकरण टर्बोवर गेलं. शहरातल्या एका गॅरेजने पाइप काढला, कॉम्प्रेसरच्या पात्यांना तेल दिसलं आणि निकाल दिला, टर्बो गेला. आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली आणि आमच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने टर्बोचा शाफ्ट चिमटीत धरून आधी आडवा, मग पुढे-मागे हलवला. आडवा किंचित हलतो, तो हलणारच, कारण बेअरिंगमधल्या तेलाच्या थराची ती जागा असते. पुढे-मागे हाताला खेळ लागला किंवा पातं घराला घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला समजायचं. माझ्यात तसं काही नव्हतं. हात पुसत तो म्हणाला, “भाऊ, टर्बो बदलाचा असन त बदला, मी काऊन नाही म्हनू. पन नवा बी असाच ओकन. इंजिनचं पोट फुगून राह्यलं तुमच्या.”

त्याचं म्हणणं मला तेव्हा कळलं नाही, घरी येऊन वाचल्यावर कळलं. टर्बोच्या बेअरिंगला तेल पंपाच्या दाबाने मिळतं, पण परत खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) ते निव्वळ उतारावर येतं. खाली क्रँककेसमध्ये दाब असला की ते उतरत नाही, टर्बोच्या पोटात साचतं आणि शाफ्टच्या सीलमधून हवेच्या बाजूला किंवा सायलेन्सरच्या बाजूला निसटतं. ते सील रबरी नसतं, बारीक रिंगेसारखं असतं. साचलेल्या तेलापुढे ते टिकत नाही. म्हणून तेल ओकणारा टर्बो बदलून महिन्याभरात नवा टर्बोही ओकायला लागतो आणि शिव्या टर्बोवाल्याला बसतात.

मग दाब मोजायचं ठरवलं. त्यासाठी महागडं गेज लागत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप तीन मीटर घेतला. एक फळी घेऊन त्यावर पाइप इंग्रजी यूसारखा ठोकला, मध्ये भाच्याची शाळेची पट्टी चिकटवली, पाइपात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरून चिमूटभर कुंकू टाकलं. पाइपचं एक टोक मोकळं हवेत, दुसरं इंजिनाला. इंजिनाला कुठे? बरेच जण डिपस्टिकच्या नळीला जोडा म्हणतात. काही इंजिनांत त्या नळीचं खालचं टोक तेलात बुडालेलं असतं, मग आकडा खोटा येतो. मी भंगारातून जुनी ऑइल कॅप आणली, तिला भोक पाडून निपल बसवली. कॅप आणि फळी यांच्या मध्ये एक रिकामी पाण्याची बाटलीही जोडली, झाकणाला दोन भोकं पाडून. ओढ जास्त निघाली तर पाणी इंजिनात न जाता बाटलीत पडावं म्हणून.

दोन्ही बाजूंच्या पाण्यातला एकूण फरक हा तुमचा दाब. दहा सेंटिमीटर म्हणजे जवळपास दहा मिलिबार. एकाच बाजूचं पाणी किती चढलं ते मोजू नका, आकडा निम्मा येईल.

अंगणात उभ्या गाडीची रेस वाढवून मोजलं तर काहीच कळत नाही, कारण इंजिनावर भार नाही. गाडी रस्त्यावर घ्यावी लागते. पाइप बोनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घेतला, भाचा फळी उभी धरून शेजारी बसला. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि तो ओरडला, “मामा, वर चढून राह्यलं! पंधराच्या वर!” पुढच्या क्षणी कुंकवाचं पाणी मोकळ्या टोकातून त्याच्या पांढऱ्या शर्टावर. बहिणीने त्या शर्टाचं अजून माफ केलं नाही.

तो आकडा डबा आणि १२ च्या निपल असतानाचा. डबा काढून मूळ होज परत जोडला, त्याच चढावर सात सेंटिमीटर. सुधारणा होती, पण माझ्या गाडीसारख्या बंद ब्रीदरच्या इंजिनात पाणी उलट इंजिनाकडे किंचित ओढलं जायला हवं, निदान शून्याच्या आसपास राहायला हवं. सात म्हणजे अजून कुठेतरी बूच होतं.

टॅपेट कव्हर उतरवलं. आतल्या सेपरेटरच्या वाटांत मलई आणि काजळी मिळून पेढ्यासारखी घट्ट झालेली. रात्रभर डिझेलमध्ये भिजवलं, सकाळी हवा मारून सुकवलं. दाब सांभाळणारा रबरी डायफ्राम असतो तो आधी काढून ठेवा, भिजवू नका. उजेडात धरून चीर आहे का पाहा, फाटला असेल तर नवा टाका. काही गाड्यांत सेपरेटर उघडता येत नाही, अख्खं कव्हरच बदलावं लागतं. त्याच वेळी टर्बोची तेल परतीची नळी काढून तारेने तपासली, एअर फिल्टर बदलला. सोयाबीन निघतानाच्या धुळीत दोन महिने चाललेला तो फिल्टर झटकल्यावर निम्मं वावर बाहेर आलं. तुंबलेल्या फिल्टरमुळे टर्बोची ओढ वाढते आणि ब्रीदरमधून तेल जास्त खेचलं जातं. तेलाची पातळीही बघा, दोन खुणांच्या मध्ये हवी, तीही सपाट जागेवर. उरलेलं तेल डब्यात कशाला ठेवायचं म्हणून ओतून टाकायची आपल्याकडे सवय आहे; जास्त तेल क्रँकच्या फटक्याने फेसाळतं आणि तो फेस सरळ ब्रीदरकडे निघतो.

कव्हर बसवून परत तोच चढ. पाणी दीड सेंटिमीटर इंजिनाकडे ओढलेलं. भाचा या वेळी मागच्या सीटवर, जुन्या बनियनवर.

इथे तुमचा आकडा उतरला नाही तर रिंगांकडे जाण्याआधी एक गोष्ट तपासा. डिझेलमध्ये ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतो आणि तो ओढलेली हवा इंजिनाच्या पोटातच सोडतो. ब्रेक बूस्टर किंवा त्याची नळी गळत असेल तर पंप दिवसभर हवा भरत राहतो. पंपाकडून निघणारी नळी काढून, पंपाच्या तोंडाला टोपी लावून, उभ्या गाडीवर आयडलला दाब परत मोजा. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही, ब्रेकला जोर राहत नाही. आकडा तरीही वरच असेल तर कम्प्रेशन तपासा आणि रिंग-पिस्टनच्या खर्चाची तयारी ठेवा. तिथे कॅच कॅन लावणं म्हणजे गळक्या छपराखाली टोपलं ठेवणं.

एवढं झाल्यावर मी डबा परत बसवला, कारण समृद्धीवर थोडं तेल येणारच आणि ईजीआरवाल्या मॅनिफोल्डला ते नको. लेथवाल्याकडून १९ च्या निपल करून घेतल्या, आत येणारी खाली, बाहेर जाणारी वर, मध्ये भोकांची आडवी पट्टी. रिकामा डबा तेल फारसं पकडत नाही, गॅस एका तोंडाने येऊन दुसऱ्याने निघून जातो. आत भांडी घासायची स्टीलची घासणी भरली, पण बाहेरच्या निपलसमोर बारीक जाळी डाग देऊन बसवली. घासणीचा एक तुकडा टर्बोच्या पात्यावर गेला तर बचत केलेला सगळा पैसा तिथेच. होज तेल सहन करणारा नायट्राइलचा आणि आतून दोरा असलेला. रेडिएटर-हीटरचा होज दिसायला तसाच असतो, पण तेलाने फुगतो. डबा टॅपेट कव्हरपेक्षा खाली, टर्बोपासून लांब, जिथे पुढची हवा लागते तिथे. इंजिनाकडून डब्याकडे होजला सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला की त्यात पाणी साचतं आणि पौषातल्या थंडीत तिथेच मलईचं बूच बसतं. बसवण्याआधी एक तोंड बंद करून डबा बादलीत बुडवला आणि दुसऱ्यातून फुंकलं, पंक्चरवाला बघतो तसे बुडबुडे बघितले. बसवल्यावर फळी-पाइप घेऊन परत तोच चढ चढलो. एक सेंटिमीटर ओढ. डब्याने वाट अडवली नाही हे तेव्हा खात्रीने कळलं.

डब्याचं दुसरं तोंड हवेत सोडा असं सांगणारे भेटतील. केबिनमध्ये वास येतो, प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, आणि टर्बोच्या पाइपवरची मूळ निपल उघडी राहिली तर फिल्टर चुकवून वावरातली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर. वॉरंटीतल्या गाडीला तर डब्याचा विचारच नको, आधी कंपनीला दाखवा.

डबा भरू देणं हा सगळ्यात मोठा धोका. भरलेल्या डब्यातून तेलाचा घोट टर्बोने ओढला तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळायला लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. तसं झालं तर गाडीचे ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेचं तोंड झाकायचं असेल तर फळकुट लावा, हात कधीच नाही.

टर्बो पेट्रोलवाल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे सहसा दोन वाटा असतात. अ‍ॅक्सिलरेटर कमी असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा गॅस पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा गॅस सोडणारी झडप) तिकडे जातो. टर्बोने दाब दिला की ती वाट चेक व्हॉल्व्हने (एकाच बाजूने हवा सोडणारी झडप) बंद होते आणि गॅस टर्बोच्या आधीच्या पाइपकडे जातो. चेक व्हॉल्व्ह गळका असेल तर टर्बोचा दाब उलटा इंजिनाच्या पोटात शिरतो. काढून तोंडाने दोन्ही बाजूंनी फुंकून बघा, एकीकडूनच हवा जायला हवी. फक्त मॅनिफोल्डच्या वाटेवर डबा लावला तर भाराच्या वेळचं तेल दुसऱ्या वाटेने जातच राहतं. आणि या गाड्यांत हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठेही डबा किंवा जोड गळका राहिला तर न मोजलेली हवा आत जाते, आयडलिंग वर-खाली होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

माझ्या डब्यात आता हजार किलोमीटरला साधारण पंचवीस मिलिलिटर निघतं. उन्हाळ्यात काळं तेल, थंडीत निम्मं पाणी आणि ताकासारखा फेस. ते परत इंजिनात ओतायचं नाही. पहिले दोन महिने मी दर पाचशे किलोमीटरला तोटी उघडायचो, आता हजाराला, नागपूरची फेरी असली की निघण्याआधी. काढलेलं तेल खोकल्याच्या औषधाच्या मापात मोजतो आणि तारखेसह ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत लिहितो. एका महिन्यात आकडा दुप्पट दिसला की फळी परत काढायची.